तेल प्यालेली बोट

हातोडीच्या दांड्याने मी फळीवर टकटक केली. 'टण्' असा आवाज यायला हवा होता. आला 'भद्द'. पिकलेल्या फणसावर थाप मारावी तसा.

थोडं डावीकडे सरकून पुन्हा मारली. भद्द. कोपऱ्याशी मात्र टण् वाजलं, पण एवढ्याशा कोपऱ्याने काय होणार? पटाशीची धार कडेला लावून जरा उचललं, तर आदल्या दिवशी बसवलेला थर भाजलेल्या पापडासारखा वर आला. अख्खाच्या अख्खा. उलटा करून पाहिला. खालची बाजू गुळगुळीत, चकचकीत. तो चिकटलाच नव्हता, नुसता टेकून बसला होता.

जानूदादा समोरच्या ओंडक्यावर बसला होता. बोट आमच्याकडे आल्यापासून ती त्याची ठरलेली जागा.

"काय झाला रे मेस्त्री?"

"थर सुटलो, दादा."

"मगे परत लाव."

भिंतीचा गिलावा पडला की परत लावतात, तसं त्याला वाटलं असणार. मी हातातला थर बाजूला ठेवला आणि साहेबांकडे गेलो.

ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची, साठच्या दशकातली. मालवणात बंदराजवळ बोटी दुरुस्त करणारं एक लहान वर्कशॉप होतं. तिथे मी फिटर होतो. त्याआधी मुंबईच्या एका यार्डात फायबरग्लासचं काम शिकलो होतो, म्हणून ते काम आलं की माझ्याकडे यायचं. येत मात्र फारसं नसे. आमच्या भागात तेव्हा सगळ्या होड्या लाकडाच्या. फायबरची मला ठाऊक होती ती एकच, जानूदादाची.

ती चौदा फुटी बोट त्याच्या मेव्हण्याने पाठवली होती. मेव्हणा मुंबईला गोदीत कामाला. कुठल्याशा जहाजाबरोबरची ही बोट मोडीत निघाली, ती त्याने मिळवली आणि गलबतावर चढवून दिली. ती आली तेव्हा किनाऱ्यावर हशा झाला होता. "काचेची होडी! बायलेच्या बांगड्ये फुटतत, ही रवतली काय रे जानू?" जानूदादाने शीड चढवलं आणि दोन हंगाम त्या बोटीतून मासे आणून दाखवले. मग हसणारे गप्प झाले.

तिसऱ्या हंगामाआधी त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात कायमचा लुळा पडला, तोंड वाकडं झालं. पाय सावरला, तोंडही पुढे बरंच सरळ झालं, पण हात काही आला नाही. एका हाताने शीड ओढता येत नाही. दोन वल्हीही मारता येत नाहीत. बरा झाल्यावर एकदा तो कोणाला न सांगता बोट घेऊन खाडीत गेला आणि डाव्या हाताने एकच वल्हं मारू लागला. बोट गोल फिरत राहिली. काठावरच्या लोकांनी ते पाहिलं. शेवटी वयनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, दुसरी होडी पाठवून त्याला आणवला. त्यानंतर तो किनाऱ्यावरच येईना.

आता मेव्हण्याने त्याच्यासाठी एक जुनं मशीन मिळवलं होतं. बाहेरून टांगायचं, आऊटबोर्ड म्हणतात ते. दोरी ओढून सुरू होतं आणि दांडा धरून वळवता येतं. दोन्ही कामं डाव्या हाताने होण्यासारखी. गरी टाकून मासे धरायलाही एक हात पुरतो. म्हणजे मशीन बोटीला नीट बसलं, तर जानूदादा पुन्हा समुद्रावर जाणार होता.

पण मशीन बसवायचं कशावर? बोटीच्या मागच्या आडव्या, सपाट भागाला ट्रान्सम म्हणतात. मशीन त्यावर टांगतात. फायबरच्या बोटीचा ट्रान्सम करंजीसारखा असतो. बाहेरून आणि आतून काचेच्या धाग्यांची पारी आणि मध्ये प्लायवूडचं सारण. या बोटीच्या वरच्या कडेला भेग पडली होती. तिच्यातून पाणी आत गेलं आणि सारण कुजलं. बोटाने दाबलं तर प्लायवूड भिजल्या बिस्किटासारखं दबत होतं. मी आतली पारी कापली, कुजलेलं लाकूड खरवडून काढलं, नवीन प्लाय बसवलं आणि त्यावर काचेचं मॅट आणि रेझिन यांचे थर दिले. रेझिन म्हणजे मधासारखं दाट रसायन. हार्डनर घातला की ते दगड होतं आणि मॅटला, लाकडाला, जुन्या फायबरला धरून बसतं.

बसायला हवं होतं. बसलं नाही.

आमचे मॅनेजर भाऊसाहेब रत्नागिरीकडचे. इंजिनीअर, पण हात काळे करून घेणारे. त्यांनी तो सुटलेला थर उलटसुलट पाहिला.

"हार्डनर किती घातलात?"

"मापाने, साहेब. पावसाळी हवा धरून."

"दमट आहे फार. कमी पडला असेल."

मी डब्याच्या तळाशी उरलेलं त्याच मिश्रणाचं रेझिन आणलं होतं. त्यांच्यासमोर त्यावर हातोडी मारली. काच फुटावी तसं खणकन फुटलं.

"माल चांगला आहे," ते म्हणाले. "बोटीची आतली बाजू अ‍ॅसिटोनने पुसली होती?"

"दोनदा."

भाऊसाहेब बाहेर आले. स्वतः टकटक केली. जानूदादा ओंडक्यावरून उठून उभा राहिला.

"असं बघा," साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "मशीनचे बोल्ट तर आरपार जाणार आहेत. थर सुटला तरी बोल्ट धरतीलच की."

साध्या बसवणीत कदाचित धरलेही असते. पण इथे ब्रॅकेट लागणार होता. ट्रान्समची उंची होती पंधरा इंच आणि मशीन होतं लांब पायाचं, त्याला हवी वीस इंच. तसंच बसवलं असतं तर पंखा फार खोल गेला असता आणि खाडीच्या तोंडाशी खडकाला लागला असता. म्हणून ट्रान्समच्या मागे लोखंडी घोडी बसवायची आणि तिच्यावर मशीन पाच इंच उंच टांगायचं. या घोडीला ब्रॅकेट म्हणतात. त्यामुळे उंची जमते, पण मशीन नऊ-दहा इंच मागे जातं.

"भरलेली कळशी कमरेवर घेतली तर बाई मैलभर चालते," मी म्हणालो. "तीच हात लांब करून धरायला सांगा. मशीन पन्नास पौंडांच्या आसपास आहे, पण ब्रॅकेटवर ते लांब हाताने धरलेल्या कळशीसारखं ओढणार. वर लाटेचे दणके. आतला थर सुटा असेल तर प्लाय हलणार, हललं की भोकं मोठी होणार. आणि समुद्रात मशीन निघून पडलं तर त्याच्याकडे वल्हं मारायला एकच हात आहे."

भाऊसाहेबांनी जानूदादाकडे पाहिलं.

"रेझिन किती उरलंय?"

"एक डबा."

तो डबा दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या टाकीसाठी राखून ठेवलेला होता. नवा माल मुंबईहून आगबोटीने यायचा आणि पावसाळ्यात आगबोटी बंद. पेट घेणारा असला माल एस.टी.च्या टपावर कोणी घेत नसे. म्हणजे नारळी पौर्णिमेला हंगाम सुरू व्हायच्या आत करायचं, तर हाच डबा. आणि तो एकदाच वापरता येणार.

जानूदादाने आमचं बोलणं ऐकलं असावं. तो हसून म्हणाला, "नाय जमला तर सोड रे मेस्त्री. माडाक पाणी घालूक टाकी तरी होतली तिची. मी काय, हय बसान दर्या बघतलंय."

वयनी तेव्हाच त्याचा जेवणाचा डबा घेऊन फाटकातून आत येत होती. तिने ते ऐकलं. डबा ठेवताना झाकण निसटून खाली पडलं.

मला कारण हवं होतं. कारण कळल्याशिवाय दुसरा डबा उघडायचा नाही हे मी ठरवलं. थर उचललेल्या जागेवर मी तांब्याने पाणी ओतलं. स्वच्छ पृष्ठभागावर पाणी पसरतं, सारखा ओला पदर होतो. इथे ते पसरलं नाही. अळवाच्या पानावर ठरतं तसे थेंब-थेंब मोती झाले. मग मी दोनशे वॉटचा बल्ब जवळ धरला. जागा तापली. फायबरच्या बारीक छिद्रांतून, घाम फुटावा तसे पिवळे ठिपके वर आले.

बोटाने ठिपका पुसून वास घेतला. मोरीचं तेल.

मोरी म्हणजे शार्क. तिच्या काळजाचं तेल काढतात, त्याचा उग्र दर्प असतो. हा दर्प आधी कसा आला नाही, असं वाचकांना वाटेल. पण मालवणात माशाचा वास आला म्हणून कोण नाक वर करतो? बाहेर जाळी वाळत, शेजारच्या खळ्यात सुकट, आणि माझ्या स्वतःच्या डब्यात बांगडा.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे लाकडी होडी पावसाळ्यापूर्वी वर ओढतात, उताणी-पालथी करून तिला हे तेल चोळतात आणि माडाच्या झापांखाली ठेवतात. तेलाने लाकूड तडकत नाही, त्याला कीड लागत नाही. होडीला तेल 'लावलं' असं जुनी माणसं म्हणत नाहीत, 'पाजलं' म्हणतात. तेल न पाजता होडी ठेवणारा माणूस आळशी समजला जातो. हे सगळं लाकडाच्या बाबतीत खरं. पण फायबरच्या बोटीची आतली बाजू काथ्याच्या पायपुसण्यासारखी खरखरीत असते. तिच्यात तेल शिरलं की मी वरून दोनदा काय, दहादा पुसलं तरी आतलं पुन्हा वर येणार. आणि तेलावर रेझिन धरत नाही.

"जानूदादा," मी विचारलं, "बोटीक मोरीचा तेल लावलास?"

भाऊसाहेब शेजारी उभे होते. जानूदादाने एकदा वयनीकडे पाहिलं.

"होय. मिया लायलंय."

"कधी?"

"दर पावसाच्या आधी. डाव्या हातान."

वयनी जेवण वाढत होती. तिने भाकरी तशीच थाळीत टाकली. "खोटा बोलता तो, साहेब. मिया लायलंय. तेका तेव्हा स्वताच्या तोंडातला पाणी पुसूक जमा नाय, तो तेल खंय लावता!"

"तू गप गो."

"कित्या गप? साहेब काय खातले माका?"

"साहेब, तिका काय कळता बोटीतला? मियाच लायलंय. माजी चूक."

"अहो, एक कोणीतरी सांगा," भाऊसाहेब म्हणाले. "तेल नक्की लावलं कोणी?"

"मिया," दोघंही एकदम म्हणाली.

बाजूच्या लाँचवर रंग लावणारा माणूस फस्सकन हसला. भाऊसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो पुन्हा रंगाला लागला.

मग वयनीने सांगितलं. ती साहेबांशी आधी शुद्ध बोलायला गेली, पण दोन वाक्यांत आपल्या बोलीवर आली.

जानूदादाच्या अंगावरून वारं गेल्यावर त्याची वाचा गेली होती. डॉक्टर म्हणायचे, त्याला बोलतं करा. ती बोलत राहायची, तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. पावसाळा जवळ आला. सगळ्यांच्या होड्यांना तेल पाजून झालं, हिची बोट तशीच खळ्यात पडलेली. तिला ते बघवेना. मोरीचं तेल आणलं, फडकं घेतलं, आणि ओटीवरून त्याला दिसेल अशा जागी बसून ती बोटीला तेल चोळू लागली. मागच्या फळीला भेग होती, आतलं लाकूड दिसत होतं. तहानलेलं वाटलं म्हणून तिथे जरा जास्तच ओतलं.

"मिया चोळतंय, आणि पाठसून आवाज इलो. 'थय... सुटला.' मिया वळान बघलंय. तो बोटान दाखवी होतो. महिन्यांनी पयलो शब्द, साहेब! माका रडाक येय की हसाक येय, ता कळा नाय. सुटल्या जाग्यार तेल लायलंय. मगे दुसऱ्या दिवशी परत बसलंय. आणि काय काय जागे मुद्दाम सोडलंय."

"मुद्दाम?" जानूदादा म्हणाला.

ती त्याच्याकडे बघेना.

"तू मुद्दाम सोडी होतंस? आणि मिया म्हणी होतंय, ह्या बायलेक दिसणा नाय काय! डोळे तपासूया म्हणान भावाशीक तुज्या कागद धाडूक सांगी होतंय!"

"तर काय! तू बोली होतंस ना? आणखी काय होया माका?"

जानूदादाने डाव्या हाताने थाळी पुढे ओढली आणि खाली मान घालून जेवू लागला. भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. नंतर मला म्हणाले, "तो डबा पूर्ण भरलेला आहे ना?"

"सीलबंद, साहेब."

"टाकीवाल्याला मी सांगतो. आगबोटी सुरू झाल्या की त्याचं बघू. पण पुन्हा सुटता कामा नये."

"सुटू नये तर तेल गेलंय तिथपर्यंत सगळं कापावं लागेल."

"कापा. आणि नुसत्या रेझिनवर विसंबू नका. लाकडी होडीत मागच्या फळीला आतून काटकोनी लाकडं देतात ना, तशी दोन द्या. रेझिनने दगा दिला तर लाकूड धरेल, लाकडाने दिला तर रेझिन."

ही सूचना त्यांची. ती मला सुचली नव्हती, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

मी आतली पारी ट्रान्समच्या बाहेर वीतभर, तळापर्यंत कापून काढली. नवीन बसवलेलं प्लायही टाकलं, कारण त्यानेही तेल ओढलं होतं. मग उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासायला घेतलं. वयनीने पदर खोचला आणि माझ्या हातातला काथ्या घेतला.

"मिया लायलंय, मियाच काढतलंय. मेस्त्रीनू, तुमी बाजूक व्हा."

"हात भाजतले वयनी."

"मासे इकतंय मी मेस्त्रीनू. हातांक काय होणा नाय माज्या."

तिने घासायचं, मी पाणी ओतून बघायचं. मोती दिसले की पुन्हा घासायचं. जानूदादा ओंडक्यावरून बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "थय सुटला." या वेळी खरंच सुटलं होतं. वयनीने त्याच्याकडे असं पाहिलं की मीच हसू दाबण्यासाठी वाकून बादली उचलली.

शेवटी पाणी सगळीकडे पसरायला लागलं. तळाच्या एका कोपऱ्यात मात्र मोती हटेनात. तेवढी जागा मी घासकागदाने खाली कोरं, पांढरं फायबर लागेपर्यंत काढून टाकली. मग अ‍ॅसिटोन. मग पुन्हा बल्ब धरून वाट पाहिली. घाम फुटला नाही.

पुढचं काम शांतपणे झालं. प्लायच्या कडा आधी रेझिनने बंद केल्या, म्हणजे पाणी शिरायला तोंड राहत नाही. रेझिन थोडं थोडं कालवलं. यात दोन रसायनं घालायची असतात, हार्डनर आणि अ‍ॅक्सिलरेटर. दोन्ही एकमेकांत थेट कधीच मिसळायची नाहीत, भडका उडतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, नंतर दुसरं. काही माणसांचंही तसंच असतं, मध्ये कोणीतरी लागतं. थरावर थर दिले, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढले. ऐनाच्या लाकडाचे दोन काटकोनी आधार घडवून ट्रान्सम आणि तळ यांच्या बेचक्यात बसवले, बोल्ट मारले आणि त्यांच्यावरूनही मॅट चढवलं.

सकाळी टकटक केली. टण्. डावीकडे, टण्. खालच्या कोपऱ्यात, टण्.

"आवाज बदललो," जानूदादा ओंडक्यावरून म्हणाला.

ब्रॅकेट मी लोखंडी अँगलचा केला. बोल्टची भोकं मुद्दाम मोठी पाडली, ती रेझिनने बुजवली आणि त्यातून पुन्हा बारीक भोकं पाडली. अशाने पाणी आलं तरी ते रेझिनला भेटतं, लाकडाला नाही. एकच गोष्ट पुस्तकाबाहेरची केली. ब्रॅकेट सगळे बरोबर मध्यावर लावतात. मी जानूदादाला बोटीत नेहमीसारखा उजव्या अंगाला बसवला, डोळे मिटायला सांगितले आणि डावा हात सहज मागे न्यायला सांगितला. तो जिथे थांबला तिथे खडूने खूण केली. बोटीची मापं सगळेच घेतात. इथे त्याच्या हाताचं माप घेणं जास्त गरजेचं होतं. खूण मध्यापासून तीन इंच उजवीकडे आली. एवढ्याने बोटीला फरक पडत नाही, त्याच्या खांद्याला पडत होता.

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र जरा निवला तेव्हा आम्ही कोळंबच्या खाडीत बोट उतरवली. मी निघण्यापूर्वी ट्रान्समच्या आत, लाकडी आधार आणि नवा थर यांच्या सांध्यावरून पेन्सिलीने एक सरळ रेघ ओढली. सांधा केसभर हलला तरी रेघ तुटते. बोलण्यापेक्षा रेघ बरी.

काठावर भाऊसाहेब आणि वयनी उभे होते. जानूदादाने दोरी ओढली. मशीन खोकलं. पुन्हा ओढली. खोकलं, थांबलं.

"कालचो मासो खाल्लेलो दिसता तेणा," जानूदादा म्हणाला आणि पुन्हा ओढली. या वेळी धरलं.

खाडीत त्याने वेग वाढवला नाही. मी मागे तोंड करून बसलो होतो, हाताचं बोट सांध्यावर ठेवून. थरथर येत होती, पण ती मशीनची, सगळीकडे सारखी. सांधा हलला तर थरथर वेगळी लागते. खाडीच्या तोंडाशी लाटा आल्या. बोटीचं नाक वर गेलं, मागचा भाग बसला. क्षणभर पंखा हवेत आला आणि मशीन किंचाळलं. जानूदादाने तिथल्या तिथे वेग कमी केला. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पुन्हा लाट, पुन्हा दणका. माझं बोट सांध्यावरच होतं.

आम्ही बाहेर आलो. उघडा समुद्र. त्याने दांडा सरळ धरला आणि किनारा मागे पडू लागला. मग म्हणाला,

"मेस्त्री."

"काय दादा?"

"सरळ जाता मरे."

मी वळून पाहिलं. तो पुढेच बघत होता. एका वल्ह्याने खाडीत गोल फिरत राहिलेली बोट मला आठवली. त्यालाही तेच आठवत असणार. मी पुन्हा सांध्याकडे तोंड केलं, कारण तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहणं बरं दिसलं नसतं.

परत आल्यावर मी आधी रेघ पाहिली. अखंड होती. भाऊसाहेबांनी वाकून पाहिली, आणि खात्री म्हणून नखाने टोकरूनही पाहिली. काम पास झालं.

मग वयनी माझ्याकडे आली. "मेस्त्रीनू, आता पावसात बोटीक काय लावू?"

"काय लावूक नको वयनी. फायबराक काय लागणा नाय. गोड्या पाण्यान धुवा आणि झाकान ठेवा."

"काहीच नाय?"

"नाय."

तिचा चेहरा उतरला. तिने एकदा स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "अशी उपाशी कशी ठेवू?"

काम संपल्यावर गिऱ्हाइकाला काय करू नये याची यादी देणं सोपं असतं. मी ती दिली होती आणि मोकळा झालो होतो. पण ही बाई पुढच्या पावसाळ्यात खळ्यात बोट पाहणार, आणि तिचे हात काही मांडीवर गप्प बसणार नाहीत हे मला दिसत होतं. थोडा विचार केला.

"ह्या बघा," मी ब्रॅकेट दाखवला. "ह्या लोखंड. खाऱ्या वाऱ्यान ह्या गंजतला. हेका मोरीचा तेल लावा. घोडीक, बोल्टांक, मशीन आवळूच्या स्क्रूंक. फडक्यान, थोडा थोडा. बोटीक थेंब लागता कामा नये. जमतला?"

"जमतला म्हणजे काय!" ती म्हणाली. चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. मी सांगितलं ते खोटं नव्हतं. माशाच्या तेलाने लोखंड टिकतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

पुढच्या वर्षी पाऊस लागायच्या बेतात मी ब्रॅकेट तपासायला त्यांच्या घरी गेलो. बोट झापांखाली पालथी, फक्त मागचा भाग उघडा. आमच्या किनाऱ्यावर लोखंडाची खिडकी दोन वर्षांत खाल्ली जाते. हा ब्रॅकेट कोळशासारखा काळा आणि तुळतुळीत होता. गंजाचा ठिपका नाही. फायबरवर थेंब नाही. बोटीखाली तिने जुनं गोणपाटसुद्धा पसरलं होतं.

मी एकेक नट पाहत गेलो. सगळ्यांना तेल. खालच्या रांगेतला कडेचा एक नट मात्र कोरडा ठणठणीत. मी वर पाहिलं. वयनी फडकं हातात घेऊन उभी होती. माझ्याकडे न बघता बाजूच्या माडाकडे बघत होती.

ओटीवरून आवाज आला, "थय सुटला गो!"

"माका दिसता!" ती ओरडली आणि नटाला तेल लावायला वाकली.

मी बोल्ट आवळून पाहिले, घट्ट होते. चहा घेतला आणि निघालो.

ते वर्कशॉप अजून आहे, मीही अजून तिथेच आहे. आता किनाऱ्यावर फायबरच्या आणखी काही बोटी आल्या आहेत. नव्या माणसाला काम शिकवताना मी आधी पाणी ओतायला लावतो. पाणी पसरलं तर रेझिन उघड, मोती झाले तर घासत बस. दुसरं सांगतो ते रेझिनविषयी नाही. गिऱ्हाइकाला 'हे लावू नका' म्हणालात, तर काय लावायचं तेही सांगून या. नाहीतर ते त्यांच्या मनाने काहीतरी लावतात, आणि ते काढायला सोड्याचं पाणी उकळावं लागतं.